प्रकरण सातवे : काच शिकताना

नालासोपारा पूर्वेला उतरून आचोळे रस्त्याने तलावाच्या दिशेने चालू लागले की काचेची दुकाने भेटत राहतात. दाराशी तिरप्या घोड्यावर उभे केलेले चार-पाच एमएमचे तक्ते, आत लाकडी टेबलावर पसरलेली जुनी सतरंजी, भिंतीला टांगलेली लांब फुटपट्टी आणि कोपऱ्यात कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग. स्लायडिंगच्या खिडक्या, बाथरूमचे आरसे, देव्हाऱ्याची दारे, तसबिरी, टीपॉयवरची काच अशी कामे इथे दिवसभर चालतात. गेल्या काही दशकांत या बाजूला चाळीमागून चाळ आणि इमारतीमागून इमारत उभी राहिली आणि प्रत्येकीला काच लागली. त्यामुळे एका रस्त्यावर इतके काच कापणारे हात एकत्र आले आहेत.

काचकला शिकू पाहणारा माणूस मात्र या दुकानांत सहसा शिरत नाही. तो हॉबी क्लास शोधतो. तिथे काचेवर काळ्या आउटलायनरने नक्षी काढतात, ती रंगांनी भरतात, आणि दोन दिवसांत मोर किंवा गणपती तयार होतो. त्यात आनंद आहे, तो खोटा नाही. पण त्या दोन दिवसांत काचेशी ओळख होत नाही, ओळख होते ती रंगाशी. काच तिथे फक्त कागदाच्या जागी असते. म्हणून ज्याला खरोखर काच शिकायची आहे त्याने रंगाच्या बाटल्या बाजूला ठेवून आधी कापायला शिकावे, आणि ते घराजवळच्या काचवाल्याकडे शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

त्याचा हात नीट पाहा. तो काच कापतो असे आपण म्हणतो, पण तो काच कापत नसतो. कटरचे बारीक चाक पृष्ठभागावर एक रेघ उमटवते, तिची खोली डोळ्याला जाणवतही नाही. खरे काम त्यानंतरचे. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून, मुठी खाली वळवून तो काच किंचित वाकवतो आणि तक्ता रेघेवरून सरळ दुभंगतो. रेघ मारताना हाताचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा. नवशिका बहुधा जास्त जोर लावतो. जोर जास्त झाला की रेघ पांढरी, जाड दिसते आणि तिच्या कडेने कण उडतात. दाब बरोबर असेल तर रेघ बारीक आणि चकचकीत दिसते, आणि चाकाखालून एकसारखा सुर्रर्र आवाज येतो. अनुभवी कारागीर डोळ्यापेक्षा या आवाजावर जास्त भिस्त ठेवतो. मध्येच आवाज तुटला तर तिथे रेघही तुटली, आणि काच तिथूनच वाकडी जाणार हे त्याला आधी कळते.

आणखी दोन नियम हातात बसावे लागतात. एकदा मारलेल्या रेघेवरून चाक दुसऱ्यांदा फिरवायचे नाही. तसे केले तर रेघेतली चीर वेडीवाकडी होते आणि चाकाची धारही जाते. दुसरे म्हणजे रेघ मारली की काच लगेच तोडायची. चहा पिऊन येईपर्यंत थांबले तर तीच रेघ हट्टी होते. चाकाला थोडे रॉकेल किंवा हलके तेल लावलेले असते, त्याने चाक अडखळत नाही आणि भुकटीही उडत नाही. सरळ रेघ जमल्यावर गोलाई शिकायची. आत वळणारी गोलाई सगळ्यांत अवघड. ती एका झटक्यात निघत नाही. बाहेरून आत येत, चंद्रकोरीसारखे लहान लहान काप पकडीने काढत जावे लागते.

रेघेने काच का तुटते याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. ए. ए. ग्रिफिथ हा इंग्रज अभियंता काचेच्या बारीक तंतूंवर प्रयोग करत होता. रेणूंच्या बंधांचा हिशोब मांडला तर काच प्रत्यक्षात असते त्याहून कितीतरी पट मजबूत निघायला हवी, आणि अगदी बारीक ताजे तंतू तसे मजबूत निघतही होते. जाड काच मात्र कमजोर ठरे. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने कारण सांगितले : काचेच्या पृष्ठभागावर न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि बाहेरचा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. लोखंडाला ताण दिला तर ते त्या टोकाशी थोडे वाकून, ताणून घेते. काचेला ते जमत नाही, त्यामुळे चीर पुढे धावते. काचवाला याचा उपयोग करून घेतो. चीर त्याला हवी तिथे तो स्वतःच देतो, म्हणजे काच दुसरीकडे कुठे फुटण्याचे कारण उरत नाही. आजच्या भंगशास्त्राची सुरुवात ग्रिफिथच्या या निबंधापासून मानतात.

वसईच्या हवेने कारागिरांना आणखी एक गोष्ट शिकवली आहे. पावसाळ्यात एकमेकांना चिकटून ठेवलेल्या तक्त्यांमध्ये ओल शिरली की काही आठवड्यांत काचेवर इंद्रधनुषी किंवा दुधाळ डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. काचेतला सोडा पाण्यात उतरतो, दोन तक्त्यांमध्ये अडकलेले ते पाणी अल्कधर्मी होते आणि तेच पुढे काचेचा पृष्ठभाग खाऊ लागते. उघड्यावर पावसाने धुऊन निघणाऱ्या खिडकीच्या काचेला हा त्रास होत नाही. तो होतो बंद ढिगाऱ्यातल्या काचेला. म्हणून तक्त्यांच्या मध्ये कागद किंवा भुकटी घालतात. काचेला काही लागत नाही, काही चढत नाही, अशी आपली समजूत असते. या किनाऱ्यावर ती टिकत नाही.

आता काच म्हणजे काय ते पाहू. वाळू, सोडा आणि चुना हे तिचे तीन मुख्य घटक. खिडकीच्या काचेत वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, वाटा सुमारे ७० ते ७४ टक्के असतो, सोडा १३ ते १५ टक्के आणि चुना साधारण १० टक्के. नुसती वाळू वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या वर जावे लागते. सोडा घातला की ते काम बरेच खाली येते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. ती टिकाऊ होते चुन्यामुळे. चांगल्या काचेला वाळूत लोह कमी हवे, कारण लोहानेच काचेला हिरवट झाक येते. जाड काचेच्या कडेकडून पाहिले की ती दिसते. काचेजोगी सिलिका वाळू महाराष्ट्रात सिंधुदुर्गात कासार्डे भागात निघते. आज दुकानात येणारा सपाट तक्ता फ्लोट पद्धतीचा असतो : वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरते, त्यामुळे घासल्याशिवाय तिच्या दोन्ही बाजू गुळगुळीत होतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ साली जाहीर केली. आपल्याकडे रायगडमधल्या तळोज्यात असा कारखाना आहे. कथिलाला टेकलेल्या बाजूत कथिलाचा अंश उतरतो. भट्टीत भाजण्याचे रंग वापरणाऱ्याला ती बाजू ओळखावी लागते, कारण काही रंग दोन बाजूंवर वेगवेगळे उठतात.

काचेला ठरावीक वितळणबिंदू नाही. ती तापत जाते तशी मऊ होते, मग मधासारखी ओघळते, आणि निवताना तशीच हळूहळू घट्ट होते. सगळी काचकला या मधल्या टप्प्यात आहे. साधारण ६५० ते ७०० अंशांवर तक्ता मऊ होऊन साच्यात बसतो, त्याच्या वाट्या आणि ताटे होतात. सुमारे ८०० अंशांवर एकावर एक ठेवलेले तुकडे एकजीव होतात. नळीने फुंकून बरणी किंवा दिव्याची चिमणी करायची तर त्याहून बरेच वर जावे लागते.

पण शिकणाऱ्याची भट्टीत गाठ पडते ती थंड होण्याशी. काच बाहेरून आधी निवते, आतून नंतर. बाहेरचा थर घट्ट झाल्यावर आतला भाग आकसू लागतो आणि काचेत ताण अडकतो. अशी वस्तू भट्टीतून चांगली निघते, कपाटात शोभते, आणि आठ दिवसांनी रात्री आपोआप तडकते. हे टाळण्यासाठी काच सुमारे ५५० अंशांच्या आसपास थांबवून ठेवायची आणि तिथून सावकाश खाली आणायची असते. जाडी वाढली की हा वेळ झपाट्याने वाढतो. लहान ताटलीलाही रात्रभर भट्टी उघडता येत नाही. पावसाळ्यात वीज जाण्याची सवय असलेल्या वस्तीत भट्टी लावणाऱ्याने हे आधीच जमेस धरावे. वितळताना वीज गेली तर काम पुन्हा करता येते. निवताना गेली तर भट्टीचे झाकण न उघडता, तिच्या जाड भिंतींच्या उष्णतेवर भरवसा ठेवून थांबावे लागते.

हा अडकलेला ताण घरीही पाहता येतो. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर काचेची वस्तू धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून तिच्याकडे पाहत गॉगल फिरवा. पडदा काळा होतो त्या कोनात काचेतल्या ताणाच्या जागा उजळलेल्या, कधी रंगीत दिसतात. नीट निववलेली काच काळीच राहते. काचशाळेत मुलांना सर्वांत आधी काय दाखवावे असे कोणी विचारले तर मी हे दाखवेन. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या वस्तूत काय दडले आहे ते यातून एका क्षणात समजते.

वेगवेगळ्या काचा एकमेकींत का मिसळत नाहीत तेही याच्याशीच जोडलेले आहे. प्रत्येक काच तापल्यावर किती फुगते याचा आकडा असतो. खिडकीच्या काचेचा सुमारे ८५ ते ९०, मणी करायच्या मऊ काचेचा बहुधा १०४, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा फक्त ३३. (हे आकडे एका अंशामागे, लांबीच्या कोट्यंशात मोजतात.) दोन काचांचे आकडे जुळले नाहीत तर जोड भट्टीत एकजीव होतो आणि निवताना फाटतो. बाजारातून आणलेली रंगीत काच आणि दुकानातला उरलेला तक्ता एकत्र भाजायचा मोह म्हणून आवरावा. एकाच तक्त्याच्या पट्ट्या एकमेकींशी नेहमी जमतात, आणि काचवाल्याच्या कोपऱ्यातल्या ढिगात त्या सहज मिळतात.

काच या गावाला, म्हणजे जुन्या सोपाऱ्याला, नवी नाही. रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला, बुरूड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला आणि त्यात एकात एक बसवलेले करंडक, त्यांत एक स्फटिकाचा होता. ते अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. स्फटिक म्हणजे काच नव्हे, पण दोन्ही सिलिकाचेच. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून ठेवतो की भारतातली काच फुटक्या स्फटिकापासून करतात आणि म्हणून तिची बरोबरी दुसऱ्या काचेला करता येत नाही. त्याच काळातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात सोपाऱ्याचे नाव बंदर-बाजारांच्या यादीत येते, आणि उत्तरेकडच्या भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काच आहे. कच्ची काच बाहेरून आणून तिची वस्तू इथे करायची, अशी कारागिरी तेव्हाही होती. नेवासे, कोल्हापूर, तेर इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे मिळाले. या सगळ्याचा साकल्याने इतिहास लिहिला तो मोरेश्वर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय काचेवर काम करणारा अभ्यासक आजही त्या ग्रंथापासून सुरुवात करतो.

काच शिकवण्याचा महाराष्ट्रातला मोठा प्रयत्न मात्र तळेगाव दाभाड्याला झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. पहिली काही वर्षे तो चालवला ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. ते जपानमध्ये आणि अमेरिकेत एमआयटीत काचविद्या शिकून आले होते. लोकांच्या पैशातून निघालेल्या या कारखान्याचा उद्देश नफा नव्हता, माणसे तयार करणे हा होता. मुले भट्टीपुढे उभी राहून फुंकायला शिकत. तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी निघालेल्या काच कारखान्यांत गेले. शाळेत वर्कशॉप असते, इथे वर्कशॉपच शाळा होते. शिकणाऱ्याचा प्याला बाजारात विकला जाणार होता, म्हणून तो चांगलाच व्हावा लागे.

त्यानंतर कराडजवळ ओगले बंधूंनी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने १९१६ साली काच कारखाना काढला. वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. वीज नसलेल्या काळात हजारो मराठी घरांत मुलांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला. कंदिलाची काच फुंकणे म्हणजे पातळपणाची परीक्षा असते : ती ज्योतीच्या तापाला टिकली पाहिजे आणि गार वारा लागला तरी तडकता कामा नये. कारखान्यावरून त्या वस्तीचे नाव ओगलेवाडी पडले, आणि कराडचे रेल्वेस्टेशन आजही तिथेच आहे.

आता कलेकडे वळू. आचोळ्याहून चर्चगेटपर्यंत लोकलने जाणाऱ्याला रंगीत काचचित्रांचा उत्तम धडा रोजच्या वाटेवर आहे. चर्चगेटजवळचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पायथ्याच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या खिडक्यांत जी काचचित्रे आहेत त्यांचे जतनकाम २०१३ ते २०१५ या काळात झाले. काचेचे काम स्वाती चंदगडकर यांनी केले. दुपारच्या उन्हात तिथे उभे राहिले की समजते, या चित्रात रंग काचेवर लावलेला नाही, काचेत आहे. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा लाल, सोन्याच्या अत्यल्प अंशाने माणकासारखा लाल, मँगनीजने जांभळा. चेहरे, बोटे, कपड्याच्या चुण्या मात्र लोह किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि काचेची पूड मिसळून कुंचल्याने काढतात आणि सुमारे ६५० अंशांवर भाजून पक्क्या करतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चांदीच्या क्षारांनी पिवळा रंग देण्याची युक्ती सापडली आणि एकाच तुकड्यावर पिवळे केस आणि पांढरा चेहरा काढता येऊ लागला.

हे तुकडे एकत्र धरतात ते शिशाच्या इंग्रजी एच अक्षराच्या छेदाच्या पट्टीने. प्रत्येक तुकडा पट्टीच्या खाचेत बसतो, सांध्यांवर झाळकाम होते आणि शेवटी लांबी भरून खिडकी जलरोधक करतात. दुसरी पद्धत अमेरिकेतल्या टिफनीच्या कार्यशाळेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजवली. त्यात प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावतात आणि पट्ट्यांवर झाळ ओढतात. यात लहान तुकडे आणि गोलाकार दिवे करता येतात. घरी शिकायला ही पद्धत सोयीची. पण दोन्ही पद्धतींत तुकड्यांची कड कागदी नकाशाशी तंतोतंत जुळावी लागते. एका तुकड्याला अर्धे सूत कमी पडले की तो फरक पुढच्या प्रत्येक सांध्यात वाढत जातो. इथे पुन्हा काचवाल्याकडे घालवलेले दिवस कामाला येतात. ज्याची रेघ सरळ आहे त्याची खिडकी बसते.

काचेवरच्या चित्राचा आपला जुना प्रकारही आहे, आणि तो हॉबी क्लासच्या मोरापेक्षा फार खोल आहे. अठराव्या शतकात चिनी चित्रकारांच्या हातून तो भारताच्या किनाऱ्यावर आला आणि मराठी मुलखात रुळला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात त्याचे नमुने पाहायला मिळतात. यात चित्र काचेच्या मागच्या बाजूने काढतात आणि पुढून पाहतात. म्हणून सगळा क्रम उलटा : कागदावर जे शेवटी येते ते इथे आधी. डोळ्यातला पांढरा ठिपका, नथीचे मोती, साडीचे काठ हे सर्वांत आधी रंगवायचे, मग कातडीचा रंग, मग वस्त्र, आणि शेवटी पार्श्वभूमी. एकदा चेहऱ्याचा रंग भरला की डोळा सुधारता येत नाही. दागिन्यांच्या जागी कधी वर्ख किंवा चमकीचा कागद मागून लावतात, त्यामुळे दिव्यात ते लकाकतात. डावे-उजवेही उलटते. हा प्रकार शिकणाऱ्याला संपूर्ण चित्र आधी मनात पाहावे लागते, आणि माझ्या मते चित्रकलेच्या कोणत्याही विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी तो करून पाहावा.

भट्टीशिवायची काचकारागिरी बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. जुन्या घरांत काचेच्या नळ्या आणि मणी ओवून केलेली तोरणे, तांब्यावरची झाकणे, रुखवतातली पोपट-हत्तींची चित्रे असत. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे. ते गाठवून देणारे पटवेकरी सराफाच्या पायरीशी बसून काम करतात. दोरा पायाच्या अंगठ्यात ताणून, दोन्ही हात मोकळे ठेवून ते इतक्या वेगाने गाठ मारतात की पाहणाऱ्याला ती दिसत नाही. मण्याच्या भोकाची कड धारदार असते आणि दोरा कापते, म्हणून मेण लावणे आणि गाठीने दोन मणी घट्ट धरणे हे या कलेचे मर्म आहे. बांगड्या फिरोजाबादहून येतात. तिथे फिरत्या दांड्यावर वितळलेल्या काचेची तार गुंडाळून लांब स्प्रिंग करतात, ती कापून सुटे वेढे काढतात, आणि मग घरोघर ज्योतीवर ते सरळ करून त्यांची टोके जोडतात. हातातली साधी काचेची बांगडी बोटाने फिरवून पाहा, एका जागी तो जोड लागतो. कुणाच्या तरी घरात ज्योतीसमोर बसून तो केलेला असतो.

बंजारा भरतकामातले आरसेही असेच. गुजरातेत कपडवंजला काचेचा मोठा फुगा फुंकून त्याला आतून कलई करतात आणि फोडून पातळ, किंचित बाकदार तुकडे काढतात. त्या बाकामुळे कपड्यावरचा आरसा सपाट आरशापेक्षा अधिक दिशांना चमकतो. आज प्लॅस्टिकचे आरसे स्वस्त मिळतात, पण त्यांची चमक एकाच बाजूची असते. ज्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले त्याला निवड करणे कठीण जाणार नाही.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे, कारण नालासोपाऱ्यात बरीच घरे वन रूम किचनची आहेत आणि शिकणारा माणूस स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी काम करणार आहे. शिशाची झाळ स्वयंपाकघरात करू नका, त्यासाठी शिसे नसलेली झाळ मिळते. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर शिसे घरात आणूच नका. काचेची कड घासायची तर पाण्याखाली घासा. कोरड्या पुडीतली सिलिका फुप्फुसात बसते. काच कापलेल्या टेबलावरून हाताने कचरा लोटू नका, ओल्या कागदाने टिपा. बाटलीला रॉकेलचा दोरा बांधून पेटवून कापण्याचे प्रकार मोबाइलवर दिसतात, ते करू नका. बाटली कापायला कटरची रेघ आणि आळीपाळीने गरम-गार पाणी पुरते. काचेवर अपारदर्शक नक्षी काढायच्या ॲसिडमध्ये हायड्रोफ्लोरिक असते. त्याची जखम आधी दुखत नाही आणि हाडापर्यंत जाते. त्याच्या वाटेला न जाता वाळूच्या माऱ्याने किंवा तयार फिल्म लावून ते काम करा.

पुढचे शिक्षण घ्यायचे तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक आणि काच डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. काच उद्योगासाठी फिरोजाबादला स्वतंत्र विकास केंद्र आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रयोगशाळेची उपकरणे ज्योतीवर फुंकणारे कारागीर असतात आणि तिथला हात पाहणे हेही शिक्षणच. पण हे सगळे आचोळ्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा आयटीआयला प्रवेश न मिळालेल्या मुलाला दूरचे आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत : सुतार, कुंभार, सोनार, परीट, शिंपी इत्यादी. त्या यादीत काचकाम नाही. काच कापणारा, बांगडी जोडणारा, मणी गाठवणारा यांना कारागीर म्हणून ओळखपत्र मिळण्याची तरतूद तिच्यात नाही, ही मोठी उणीव आहे.

वसई-विरार महानगरपालिकेने आचोळ्यात एक गाळा काचशाळेसाठी द्यावा. एक लहान विद्युत भट्टी, तिला जोडलेला इन्व्हर्टर किंवा जनरेटर, सहा टेबले, पाण्याची सोय आणि धूर ओढणारा पंखा, एवढे साहित्य पुरेल. शिक्षक म्हणून याच रस्त्यावरचे काचवाले आणि पटवेकरी घ्यावेत, त्यांना तासाचे मानधन द्यावे, आणि शिकणाऱ्यांनी केलेल्या वस्तू विक्रीला ठेवाव्यात. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी एक एक पैसा देऊन तळेगावात भट्टी पेटवली होती. आज बचतगट, गृहनिर्माण संस्था आणि दुकानदार मिळून त्याहून कितीतरी सहज हे करू शकतात. तोपर्यंत, ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा जवळच्या काचवाल्याकडे जावे, उरलेल्या पट्ट्यांचे पैसे द्यावेत, आणि त्याला पहिली रेघ मारून दाखवायला सांगावे.